आप्पांची पावलं

चूल ते ओसरी

"अगं, चष्मा."

चष्मा बाजेवरच होता. उशीला टेकलेला, आप्पारावांच्या हातापासून वीतभर लांब. सत्यभामानं तव्यावरची भाकरी तशीच सोडली, पिठाचे हात झटकत ती ओसरीवर आली, चष्मा उचलून त्यांच्या हातात दिला आणि परत गेली. भाकरी एका बाजूनं करपली होती.

"अगं, काच पुसून दे की."

ती परत आली.

बाजेसमोर प्लास्टिकच्या खुर्चीत ऋतुजा बसली होती. थोरल्या लेकाची लेक. संभाजीनगरला फिजिओथेरपी शिकत होती, दिवाळीला तलवाड्याला आली होती. आल्यापासून ती आजीचं हे जाणं-येणं नुसतं बघत होती.

"आप्पा, चष्मा तुमच्या शेजारीच होता."

"मंग?"

"मग तुम्हीच का नाही घेतलात?"

आप्पारावांना प्रश्नच कळेना. ते एकदा पंचायत समितीवर निवडून आलेले, पुढं सोसायटीचे चेअरमन राहिलेले. लोक त्यांच्या ओसरीवर येत, ते कुणाच्या ओसरीवर जात नसत. "आगं, तुजी आज्जी हाय की," ते म्हणाले.

त्यांची साखर वाढलेली होती. गेवराईच्या डॉक्टरनं चालायला सांगितलं होतं. एक दिवस ते सकाळी मारुतीच्या देवळापर्यंत गेले, दुसऱ्या दिवशी गेले नाहीत. "पायी हिंडलो की लोक इचारतेत, आप्पा, गाडी इकली का?"

"फिरायला नका जाऊ. राहू द्या ते," ऋतुजा म्हणाली. "घरातच उठा. पाणी स्वतः घ्या, ताट स्वतः उचला, फोन आला की उभं राहून बोला. व्यायाम कितीही केला तरी तासाभराचा असतो, आप्पा. बाकीचा सगळा दिवस आपण उठतो, वाकतो, इकडून तिकडं जातो, त्यात शरीर कितीतरी जाळत असतं. काही माणसांचं तर व्यायामापेक्षा तेच जास्त भरतं. तुमचं ते सगळं बंद आहे. तुमच्या वाटचं आज्जी करते. असंच बसून राहिलात तर पायांचं मांस आटून जाईल."

"म्हणून तुजी आज्जी आशी काडी हाय व्हय?"

"काडी नाही, ठणठणीत आहे. तिला साखर नाही, बीपी नाही, गुडघे दुखत नाहीत."

आप्पाराव हसले. पोट हललं, बाज करकरली. "ऐकलं का गं? जनमभर तुला पळवलं म्हणून तू ठणठणीत. डाक्टरीण सांगायली. माझे उपकार मान!"

ऋतुजालाही हसू आलं.

चुलीपुढं सत्यभामाचे थापणारे हात थांबले. थापता थापता थांबलं की भाकरी काठाला चिरते. ती चिरली. तिनं गोळा पुन्हा मळायला घेतला.


ओसरीवरून

पाणी. माठातलं, फिरीजमधलं नको. चुना कुठाय? पंखा वाढव. लई झाला, कमी कर. फोन वाजायलाय, बघ. कुणाचा हाय? माज्याकडं दे. उशी. ही न्हाई, ती. माशी बसायली बघ. दार लोटून घे. कोण आलंय? चहा ठेव. मला बिनसाखरेचा, त्यांना गोड. पाय दाब जरा. टीव्हीचं ते दे. आगं, पायाशी पडलंय, तेच. कुठं गेलीस? आगं, कुठं गेलीस?


मनगट ते मनगट

जाताना ऋतुजानं आप्पारावांच्या मनगटावर एक काळं घड्याळ बांधलं. दिवसभरात माणूस किती पावलं चालला ते त्यात उमटायचं, तिथून त्यांच्या मोबाईलमध्ये जायचं आणि तिथून ऋतुजाच्या. फार वेळ बसलं की ते थरथरायचं.

"थरथरलं की उठायचं. मी तिकडून बघणार आहे, आप्पा."

एक-दोन दिवस आप्पाराव घड्याळाशी भांडले. "हे मेलं सारखं चावायलंय." मग एका दुपारी त्यांनी ते काढून बाजेवर ठेवलं, आणि ठेवता ठेवता त्यांना ते सुचलं. त्यात त्यांना काही वावगं वाटलं नाही. त्यांच्या साडेसातीचे शनिवार तिनंच धरले होते. त्यांच्या नवसाला तीच अनवाणी गेली होती.

"अगं, हे तू घाल. तू तर हिंडतीसच."

"ऋतुजा फसंल की."

"फसंल कशी? पावलं घरातलीच हायेत."

सत्यभामानं हात पुढं केला. पट्टा शेवटच्या भोकात घातला तरी सैल बसला.

संध्याकाळी फोन आला. ऋतुजाचा आवाज ओसरीभर ऐकू येत होता. "आप्पा! कमाल केलीत! माझ्या वर्गातली पोरंसुद्धा एवढं चालत नाहीत!"

आप्पारावांनी फोन कानाला धरून सत्यभामाकडं बघितलं आणि डोळा मारला. लग्नाला इतकी वर्षं झाली, तिच्याकडं बघून त्यांनी पहिल्यांदा डोळा मारला होता. "चालावंच लागतं, बाई," ते फोनमध्ये म्हणाले, "न्हाईतर माणूस सडतंय."

शेत त्यांच्या नावावर होतं, घर होतं, लेकरं होती. पाय तेवढे तिचे होते. आता तेही त्यांच्या नावावर चढले.


तलवाडा ते गेवराई

हे अंतर सत्यभामा एकदा चालली आहे. चालून गेवराईला मात्र पोचलेली नाही.

त्या वर्षी पंचायत समितीचं इलेक्शन होतं. ओसरीवर माणूस मावत नव्हतं. सकाळी तिचा भाऊ मोटारसायकलवर आला आणि उंबऱ्यातूनच म्हणाला, "अक्का, मायला दवाखान्यात टाकलंय. तुजं नाव काढायली. चल."

तिनं पिशवीत लुगडं भरलं, डोक्यावरून पदर घेतला आणि ओसरीच्या दाराशी गेली. आप्पाराव माणसांत बसले होते.

"आवं, मायला लई झालंय."

"हे पाव्हणे जाऊ दे, मंग जा. चहा ठेव."

हे पाहुणे गेले की दुसरे येत. दुसऱ्यांच्या मागं तिसरे. चहा, पोहे, पाणी, पान, पुन्हा चहा. चूल ते ओसरी, ओसरी ते चूल. भाऊ दाराशी बसून राहिला. मग तिच्याकडं न बघता मोटारसायकलला किक मारून निघून गेला. त्यालाही माय होती. पिशवी दाराच्या खुंटीला लटकत होती आणि जाता-येता तिच्या खांद्याला घासत होती.

दिवस मावळताना जीप मोकळी झाली. ती गेवराईला पोचली तेव्हा मायच्या अंगावर चादर होती. तोंडावरूनही.

परतताना तिनं जीपच्या खिडकीतून सगळा रस्ता बघितला. एकेक बाभूळ बघितली, एकेक फाटा. आणि तिच्या लक्षात आलं, आज घरातल्या घरात आपण जेवढं चाललो, तेवढ्या चालण्यात गेवराई आली असती. पायी आली असती. माय जिती असताना.

तो निवडून आला. गुलाल उधळला गेला. त्या दिवसापासून तोंडानं ती 'आवं, तुमी' म्हणत राहिली आणि मनात 'तो' म्हणू लागली.


बाज

तिला त्याचं मरण नको होतं. मेलेल्या माणसाला काय कळतं? गोळ्या ती वेळच्या वेळी द्यायची, त्याच्या चहात साखरेचा दाणा पडू द्यायची नाही. तिला एवढंच पाहिजे होतं: एकदा, चार माणसांत, त्यानं आपल्या पायांवर उभं राहावं. तिथं बाज नसावी. मग काय व्हायचं ते त्याच्या पायांनी गावाला सांगावं.

त्यासाठी फार काही करावं लागणार नव्हतं. चांगली बायको व्हायचं होतं.

आधी तो हाक मारायचा आणि मग ती जायची. आता ती हाकेच्या आधी जाऊ लागली. तोंड धुवायला तांब्या आणि घमेलं बाजेपाशी. जेवण बाजेवर. दाढीचं पाणी बाजेवर. न्हाणीत बसायला स्टूल, जाता-येता काखेत तिचा हात. आधी तो धोतर उभ्यानं नेसायचा. तिनं त्याच्यासाठी नाडीचे पायजमे शिवून आणले, आणि ते बसल्या बसल्या तीच त्याच्या पायांत चढवू लागली.

माघातल्या एका दुपारी बाज करकरल्याचा आवाज तिला गोठ्यात ऐकू आला. ती शेणाच्या हातानं धावत आली. तो उठून उभा होता, माठाकडं तोंड करून.

"आवं, मी मेले का? बसा, बसा."

तो बसला. तिनं हात धुऊन पेला भरून दिला. पाणी पिऊन तो समाधानानं म्हणाला, "तू म्हातारपणी सुधारलीस बघ."

गल्लीतल्या बायका आपल्या सुनांना सांगू लागल्या, सेवा शिकायची तर सत्यभामाबाईच्या घरी जाऊन बसा. घड्याळ तिच्या मनगटावर पावलं मोजत होतं. ऋतुजा खूश होती. एवढं चालूनही साखर हटत नाही म्हणून डॉक्टरनं गोळी बदलून दिली. त्याचे पाय रोज संध्याकाळी तिच्या हातात यायचे. तेल लावताना पिंढऱ्या तिच्या मुठीत मावू लागल्या होत्या. ती हळू चोळायची. मावल्या की पुन्हा एकदा मूठ आवळून बघायची.


उकिरडा ते दार

"अक्का, हे बाप्याचं घड्याळ कावून घातलंय गं?"

छबुबाई गल्लीच्या टोकाला राहायची. घरात मेंढरं, शेरडं, आणि दिवसभर त्यांच्या मागं रान. दोघी शेणाच्या पाट्या रिकाम्या करून येत होत्या.

"आप्पांचं हाय. त्यांचं चालणं माज्याकडं दिलंय त्येनी."

छबुबाईला आधी कळलं नाही. मग कळलं, आणि ती रस्त्यात कमरेवर हात ठेवून हसली. "आगं, मंग माज्या बोकडाच्या गळ्यात बांध की! लई हिंडतंय मेलं. आप्पा एका दिवसात पैठण गाठतेल."

सत्यभामाही हसली. कित्येक दिवसांनी हसली.

"पर अक्का, त्यांचे पाय बघितलेस का? परवा गाडीतून उतरताना पायजमा वर झालता. शेरडाच्या पायावानी दिसले मला."

"बघितलेत की. रोज मीच चोळते."

छबुबाईचं हसू उतरलं. तिनं जन्मभर जनावरं बांधली होती आणि सोडली होती. "दाव्याला लई दिस ठेवलेलं जनावर आसंच व्हतं," ती म्हणाली. "सोडलं की पडतंय."

"पडू दे."

दोघी दारापर्यंत आल्या. छबुबाईनं रिकामी पाटी डोक्यावर घेतली, दोन पावलं गेली आणि मागं न बघता म्हणाली, "म्या काय ऐकलं न्हाई, अक्का."


दार ते ओसरी

चैत्र लागला. सप्ताहाची कमिटी वर्गणीला निघाली. कमिटीचा उत्तरेश्वर ओसरीवर येऊन बसला तो मोबाईल पुढं करतच.

"आप्पा, हे काय बघायलो मी? ऋतुजाताईनं स्टेटसला टाकलंय. आमचे आजोबा रोज किती चालतात बघा म्हणून. तुमी तर आमाला लाजवलं राव."

"चालावं लागतं बे," आप्पा मांडी दाबत म्हणाला. "तुमी पोरं नुसती गाडीवर. चार पावलं जायचं तरी किक मारता."

"व्हय ना! आता गावात दुसरं कोण हाय तुमच्या वयाचं आसं चालणारं?"

सत्यभामा चहा घेऊन आली. कप ठेवला आणि आत न जाता दाराच्या चौकटीला टेकून उभी राहिली. आजवर कधी उभी राहिली नव्हती.

"उत्तरेश्वर, मंग ह्येंना एक पहारा द्या की वीणेचा."

उत्तरेश्वर चहा प्यायचा थांबला. सप्ताहात सात दिवस मंडपात वीणा चालू असते. रात्रंदिवस. एका पहाऱ्याचा माणूस ती गळ्यात घालून उभा राहतो, फेऱ्या मारतो, नाम घेतो. पहारा संपला की दुसरा घेतो. वीणा गळ्यात असताना बसत नाहीत. वीणा खाली ठेवत नाहीत.

"आप्पा घेत्याल?"

"कावून न्हाई? एवढं चालतेत, उभं राह्यला काय हुतंय?" सत्यभामा म्हणाली. "बायकांच्या पहाऱ्याच्या आधीचा द्या. त्यांच्याकडून वीणा म्याच घेईन."

"वा वा! नवरा-बायकू! फोटू काढू आपण, पेपरला देऊ," उत्तरेश्वरनं मांडीवर थाप मारली. "काय आप्पा?"

आप्पानं सत्यभामाकडं बघितलं. मग उत्तरेश्वरच्या मोबाईलकडं. त्यात त्याचाच फोटो होता, खाली तिची पावलं.

"नाव लिव्ह," तो म्हणाला.


बाज ते

त्या दुपारपासून तो उठायचा प्रयत्न करू लागला. तिला आवाजावरून कळायचं. बाज करकरायची, थांबायची, पुन्हा करकरायची. ती जाऊन उभी राहायची.

"काय पाह्यजे?"

"काय न्हाई."

"मंग उठता कावून?"

"जरा उठू दे मला."

"आता कावून दमता? त्या दिशी उभं राह्यचंच हाय." ती उशी सरळ करायची, पंखा वाढवायची, पायाखाली दुसरी उशी सरकवायची. "मी हाय ना."

दोन-तीन दिवस असं चाललं. चौथ्या दिवशी तिनं पुढं केलेला पाण्याचा पेला त्यानं घेतला नाही. पेल्याकडं बघितलं. पेला धरलेल्या हाताकडं बघितलं, मनगटावरच्या काळ्या पट्ट्याकडं. मग तिच्या तोंडाकडं. ते तोंड तो इतक्या वर्षांनी नीट बघत असावा. काहीतरी ओळखीचं शोधत असावा आणि ते सापडत नसावं.

"सत्यभामा," तो म्हणाला. नाव घेऊन. "तुला काय पाह्यजे?"

"मला काय पाह्यजे असणार?" ती म्हणाली. "पाणी घ्या."

त्यानं पाणी घेतलं.

उत्तरेश्वरला फोन करून नाही म्हणता आलं असतं. त्यानं दोनदा मोबाईल हातात घेतला. तिनंच आणून दिला दोन्ही वेळा. पण नाही म्हणायचं तर कारण द्यावं लागणार होतं, आणि ते कारण ऐकून गाव आधी घड्याळाचं विचारणार होतं. त्यानं मोबाईल परत दिला. तोही तिनंच नेऊन ठेवला.


नळ ते मंडप

पहाऱ्याच्या सकाळी तिनं घड्याळ काढलं आणि त्याच्या मनगटावर बांधलं. "आज तुमचं तुमीच मोजा."

मंडप मारुतीच्या देवळापुढं होता. ऋतुजा सकाळीच संभाजीनगरहून थेट मंडपात आली होती. आप्पांचा पहारा बघायचा म्हणून पुढंच बसली. देवळाच्या पायरीपर्यंत गाडी गेली. तिथून मंडपापर्यंत त्याला दोन्ही बाजूंनी माणसं होती, मोठ्या माणसाला असतात तशी, त्यामुळं काही दिसलं नाही. आधीच्या पहाऱ्याच्या बद्रीनाथनं गळ्यातली वीणा काढून त्याच्या गळ्यात घातली आणि त्याच्या पाया पडला. वीणा देणारा आणि घेणारा एकमेकांच्या पाया पडतात. आप्पा वाकू लागला तसं उत्तरेश्वर म्हणाला, "असू द्या आप्पा, तुमी नका वाकू." आप्पा वाकला नाही.

टाळ सुरू झाले.

पहिल्या फेऱ्या बऱ्या गेल्या. लोक फोटो काढत होते. ऋतुजानं अंगठा वर करून दाखवला. मग फेऱ्या लहान झाल्या. मग फेऱ्या थांबल्या आणि तो जागच्या जागी उभा राहिला, एका पायावरून दुसऱ्या पायावर. ऊन पत्र्यावर चढलं. त्याच्या टोपीखालून घाम कानामागं उतरू लागला. तो खांबाकडं सरकला तेव्हा कुणीतरी हळू म्हणालं, "आप्पा, टेकू नका, वीणा हाय."

उत्तरेश्वर जवळ गेला. "देता का आप्पा माज्याकडं?"

टाळ वाजत होते, तरी मंडप ऐकत होता.

"कावून बे? म्या काय म्हातारा झालो?"

बायकांच्या पहाऱ्याची वेळ झाली. बायका टाळ घेऊन उभ्या राहिल्या. सत्यभामा देवळामागच्या नळावर पाय धूत होती. तिथून मंडप दिसत होता, मंडपात तो दिसत होता, आणि त्याची नजर बायकांच्या घोळक्यात तिला शोधत होती.

"अक्का, येळ झाली. चल," छबुबाई बोलवायला आली.

"यायले."

तिनं उजवा पाय धुतला. डावा धुतला. बोटांच्या मधे धुतलं. मग वाटलं, उजवा नीट झाला नाही. पुन्हा उजवा धुतला.

"अक्का," छबुबाई म्हणाली. "आता बास."

सत्यभामानं नळ बंद केला आणि निघाली. ती आयुष्यात पहिल्यांदा सावकाश चालली. मागं भाकरी करपत नव्हती, कुणी ओसरीवर ताटकळत नव्हतं. पाय आपोआप लवकर पडायला बघत होते, ती त्यांना आवरत होती. एवढ्याशा अंतरात तिला रस्त्यावरचं सगळं दिसलं. चुन्यानं आखलेली रेघ, उन्हात सुकलेला झेंडू, कुणाची तरी तुटलेली वहाण. मंडपात त्याच्या गुडघ्यांची थरथर आता पायजम्यावरून कळत होती.

ती त्याच्यापुढं येऊन उभी राहिली.

"लवकर घे," तो ओठ न हलवता म्हणाला.

"आधी पाया पडू द्या."

ती वाकली, दोन्ही हात त्याच्या पावलांना लावले आणि उठली. तिला वाकायला आणि उठायला काहीच लागलं नाही. तिनं त्याच्या गळ्यातून वीणा काढून आपल्या गळ्यात घेतली, एक हात दांडीला, एक तारेवर. बायकांचे टाळ सुरू झाले. ती त्याच्यापुढून हलली नाही.

"असू द्या, आप्पा..." उत्तरेश्वर पुढं आला.

"कावून?" सत्यभामा म्हणाली. मोठ्यानं नाही. "रिवाज हाय."

माणसांनी एकमेकांकडं बघितलं. आता नको म्हणणं म्हणजे वीणेला नको म्हणणं होतं. मागून एक म्हातारं म्हणालं, "खरं हाय. वीणेच्या पाया पडायचं आसतं. बाईमाणूस आसलं म्हणून काय झालं?"

आप्पा वाकला. हात पावलांपर्यंत पोचेना. त्यानं गुडघे थोडे मोडले, आणि गुडघ्यांनी बाकीचं स्वतःच केलं. तो सतरंजीवर खाली बसला, थेट तिच्या पायांशी, आणि त्याचा तळहात तिच्या ओल्या पावलावर पडला.

कुणी हसलं नाही. टाळ चालू होते.

त्यानं तळहात सतरंजीवर टेकवून जोर लावला. ढुंगण उचललं आणि पुन्हा टेकलं. पुन्हा जोर लावला. तिसऱ्यांदा त्यानं जोर लावलाच नाही. सवयीनं हात वर केला, जसा रोज बाजेवरून करायचा.

"अगं," तो म्हणाला. "अगं, हात."

तिच्या एका हातात वीणेची दांडी होती, दुसरा तारेवर होता.

"मोकळा न्हाई," सत्यभामा म्हणाली.

आणि तिनं पहिलं पाऊल टाकलं, त्याला वळसा घालून.

ऋतुजा धावत आली. तिनं काखेत हात घालून, शिकवलेलं असतं तसं, माणसांच्या मदतीनं त्याला मंडपाच्या कडेच्या खांबाशी नेऊन बसवलं. पाय वळला होता. तिनं त्याचा पायजमा गुडघ्यापर्यंत वर केला, आणि तिचे हात थांबले. तिनं पिंढरीला बोटांचा वेढा घातला. बोटं एकमेकांना लागली. असा पाय एका दिवसात होत नाही, हे तिला शिकवलेलं होतं. रोज चालणाऱ्या माणसाचा तर होतच नाही. तिनं त्याच्या मनगटावरचं घड्याळ बघितलं. पट्टा शेवटच्या भोकाशी मोडून पांढरा पडला होता, आणि तो आज त्याच्या मनगटावर दुसऱ्याच भोकात होता.

तिनं मान वर करून आजीकडं बघितलं.

सत्यभामानं नजर चुकवली नाही. खालीही घातली नाही. तिचे पाय चालत होते.

वीणेची फेरी त्या खांबाजवळूनच जायची. पहिल्या फेरीला ती आली तेव्हा ऋतुजा आप्पांचा पाय मांडीवर घेऊन चोळत होती. दुसऱ्या फेरीला कुणीतरी पाणी आणून दिलं होतं आणि आप्पा डोळे मिटून पीत होता. छबुबाई मागं टाळ वाजवत होती. तिसऱ्या फेरीला सत्यभामा जवळ आली तशी ऋतुजानं पाय मांडीवरून न हलवता आपलं अंग थोडं मागं घेतलं आणि वाट करून दिली, ओळख नसलेल्या बाईला देतात तशी.

सत्यभामा त्या वाटेनं पुढं गेली.